शेवटची लाल टोपी

मास्तरांना पाण्याची भीती वाटायची आणि राहायला आले ते थेट समुद्राच्या काठी, तेही परक्या देशात. यात चूक कुणाची यावरून नवरा-बायकोत अधूनमधून खटके उडत; पण खरं सांगायचं तर चूक मास्तरांचीच होती. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी बाईंना विचारलं होतं, "रिटायर झाल्यावर कुठे राहू या गं?" तेव्हा त्यांची नेमणूक अशा एका स्टेशनावर होती, जिथे प्यायचं पाणीसुद्धा मालगाडीला टाकी जोडून यायचं. बाई म्हणाल्या, "खिडकीतून पाणी दिसेल तिथे." मास्तर हसून "बरं" म्हणाले. ते "बरं" बाईंनी सदतीस वर्षं घडी घालून जपून ठेवलं आणि निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, स्टेशन मास्तर. बाईंना सगळीकडे मास्तरीणबाई म्हणत. पुढे नुसतंच बाई झालं. त्यांची एकुलती एक मुलगी या देशात नोकरीला होती, समुद्रापासून तीन तासांवरच्या मोठ्या शहरात. तिनेच हे घर शोधलं. चौथा मजला, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणीच पाणी.

"एकदम शांत जागा आहे, बाबा," ती म्हणाली होती. "निम्मं शहर रिटायर झालेल्यांचंच आहे. कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

मास्तरांनी नेमकी त्याचीच धास्ती घेतली. आयुष्यभर घंटा, शिट्ट्या आणि फोन यांच्यात राहिलेला माणूस तो. जिथे आवाज नाही तिथे काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. इथे सकाळी रस्त्यावर उतरलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा.

त्यातून समोरच्या घड्याळजीचं झालं. समोरच्या दारामागे एक म्हातारा घड्याळजी एकटाच राहायचा. जिन्यात भेटला की टोपी उचलून नमस्कार करायचा, मास्तरही मान लववायचे, संपलं. मग तो तीन दिवस दिसला नाही. चौथ्या दिवशी दाराशी पत्रांचा ढीग बघून कुणीतरी पोलिसांना बोलावलं. तो खुर्चीतच गेला होता, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं व्यवस्थित चालू होती, अशी बातमी बाई खालून घेऊन आल्या.

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला. आपल्या दोघांपैकी मागे कोण राहणार? बाई राहिल्या तर निभेल. त्यांनी वर्षभरात चार ओळखी केल्या होत्या, भाजीवालीशी हुज्जत घालण्याइतकी इथली भाषाही उचलली होती. पण मास्तर राहिले तर? त्यांना इथले मोजून बारा शब्द येत होते. त्यांत ब्रेड होता, आभार होते, "मला समजत नाही" होतं. माझी बायको गेली हे कसं सांगायचं, ते त्या बारांत कुठे नव्हतं. हा विचार आला की ते उगाचच बाईंवर ओरडायचे, की गॅस बंद केलास का.

आणि अशा माणसाच्या बायकोला साठीनंतर पोहण्याचं खूळ लागलं.

झालं असं, की घरासमोरच्या पायऱ्यांवरून रोज सकाळी सात-आठ पोक्त बायका समुद्रात उतरायच्या. त्यांची पुढारी होती एक निवृत्त परिचारिका. उंच, धिप्पाड, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारणारी. बाई आधी नुसत्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मग गुडघ्याएवढ्या पाण्यात गेल्या. सहा महिन्यांत त्या बाकीच्यांबरोबर बांधाला वळसा घालून येऊ लागल्या. मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं. मुलीला फोन लावला, मुलगी हसली. शेवटी ते म्हणाले, "जायचं तर जा, पण माझ्या नियमाने."

तो नियम समजायचा तर समोरचा समुद्र समजायला हवा. पायऱ्यांच्या उजव्या अंगाला एक उंच दगडी बांध सरळ समुद्रात शिरला होता. बायका पायऱ्यांवरून पाण्यात उतरून बांधाच्या टोकापर्यंत जात. तिथवर खिडकीतून सगळं लख्ख दिसे. टोकाला वळसा घातला की त्या बांधाच्या पलीकडच्या बाजूने परत किनाऱ्याकडे येत, आणि तिथे होड्या ओढायच्या उतारावरून एकेक करत वर चढत. उतार पुन्हा खिडकीतून दिसे. पण टोकापासून उतारापर्यंत, अंदाजे दहा मिनिटं, बांधाच्या आड काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसत नव्हतं.

मास्तरांना ही गोष्ट चांगली ओळखीची होती. एका स्टेशनातून गाडी सुटते, दुसऱ्यात पोचते, मधल्या मार्गावर ती कुणालाच दिसत नाही. मग पूर्ण गाडी आली हे कशावरून ओळखायचं? डबे मोजत बसायला वेळ नसतो. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते, अंधारात तिथे लाल दिवा असतो. ती पाटी डोळ्यांनी दिसली की गाडी अखंड आली. ती दिसल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाईन क्लिअर द्यायची नाही, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी द्यायची नाही. कारण गाडी मध्येच तुटून निम्मे डबे रुळावर राहिले असले, तर पुढची गाडी थेट त्यांच्यावर जाऊन आदळेल. "दिसली म्हणजे दिसली," मास्तर हाताखालच्या पोरांना सांगत. "दिसली असेल, म्हणजे दिसली नाही."

सदतीस वर्षांत मास्तरांनी हा नियम एकदाच मोडला होता. मुलीच्या जन्माच्या दिवशी. बाईंना कळा सुरू झाल्याचा निरोप आला, त्याच वेळी एक मालगाडी धडधडत निघून गेली, आणि मास्तरांनी पाटी न बघताच लाईन क्लिअर दिली. गाडी अखंड होती. काही झालं नाही. पण महिनाभर त्यांना झोप लागली नाही, आणि ही गोष्ट बाईंखेरीज आजतागायत कुणाला ठाऊक नव्हती.

तर नियम असा, की बाईंनी भडक लाल टोपी घालायची आणि सगळ्यांच्या शेवटी राहायचं. बाकीच्यांच्या टोप्या निळ्या-पांढऱ्या होत्या. लाल टोपी उतारावर आली की गाडी पूर्ण आली.

"म्हणजे मी शेवटचा डबा," बाई म्हणाल्या होत्या.

"शेवटचा डबाच महत्त्वाचा असतो."

"नशीब माझं."

पण बाईंनी नियम पाळला. मास्तर रोज सव्वासातला खिडकीत उभे राहायचे, गळ्यात दुर्बीण अडकवून. लाल टोपी टोकाआड गेली की ते ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचे. ती दहा मिनिटं त्यांनी कधी बसून काढली नाहीत. लाल टोपी उतारावर उगवली की ते दुर्बीण खाली ठेवायचे आणि चहाचं आधण टाकायचे. बाई येईपर्यंत चहा तयार. त्याला बाई म्हणायच्या, "मास्तरांनी लाईन दिली."

त्या दिवशी हवा कुंद होती. पाणी राखेच्या रंगाचं. पावणेसातलाच बाई अंगावर जाड कोट चढवून निघाल्या.

"आज नको जाऊस," मास्तर म्हणाले.

"रोजच म्हणता."

"आज पाणी बरं दिसत नाहीये."

"तुम्हाला ते कधी बरं दिसलंय?" बाईंनी खुंटीवरची लाल टोपी खिशात कोंबली आणि दार ओढून घेतलं. जिन्यात त्यांची पावलं वाजली आणि विरली.

सव्वासातला बायका पाण्यात उतरल्या तेव्हा मास्तर दुर्बिणीची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते. उतरताना मोजायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. रोज आठच असत. काच पुसून झाली तेव्हा टोप्या बांधाच्या टोकाशी पोचल्या होत्या. लाल टोपी सगळ्यांच्या मागे, जरा जास्तच मागे, वर-खाली होत होती. टोकाशी ती क्षणभर थांबली आणि आड गेली.

मास्तरांच्या नेहमीच्या येरझारा सुरू झाल्या. ओट्यापासून खिडकी, खिडकीपासून ओटा. सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी पहिली पांढरी टोपी उतारावर आली. मग निळी, निळी, पांढरी. मास्तर ओठांतल्या ओठांत मोजत होते. सहा, सात. मग बराच वेळ कुणीच नाही. आणि मग लाल टोपी वर आली. आठ.

"आली बाई," मास्तर मोठ्याने म्हणाले, दुर्बीण खाली ठेवली आणि गॅस पेटवला.

चहा झाला. कपात ओतला. बशी झाकली. नेहमी वीस मिनिटांत जिन्यात पावलं वाजायची. पंचवीस झाली. बोलत बसली असेल, मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. बायकांच्या गप्पा. मग त्यांचं त्यांनाच खटकलं. असेल. ज्या शब्दावरून त्यांनी सदतीस वर्षं पोरांची कानउघाडणी केली, तोच आता त्यांच्या तोंडी आला होता.

त्यांनी दुर्बीण उचलली. उतारावर बायका टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या, थर्मासमधलं काहीतरी पीत. लाल टोपीही होती. त्याच वेळी लाल टोपीवालीने दोन्ही हात वर नेऊन टोपी डोक्यावरून ओढून काढली, आणि खालून निघाले आखूड कापलेले पिवळट केस. बाईंची वेणी नव्हती ती. ती बाईंच्या उंचीचीही नव्हती. मास्तरांनी त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांना आधी काहीच वाटलं नाही. हात दुर्बिणीवर तसाच राहिला. मग ओट्याची कड धरून त्यांना कळलं, की पाटी दुसऱ्याच डब्याला लागून आली आणि आपला डबा मध्येच राहिला.

ते जिन्याने उतरले की पडत पडत गेले, ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. एक चप्पल दुसऱ्या मजल्यावर सुटली. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने काहीतरी शिवी दिली. उतारावर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. बायका वळून बघायला लागल्या.

"माझी बायको कुठे आहे?" मास्तर ओरडले. आपल्याच भाषेत, दुसरी होती कुठे? "माझी बायको. माझी बायको!"

त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. परिचारिकेने घराकडे बोट दाखवलं, हाताने चहा पिण्याची खूण केली. मास्तरांना कळलं. त्या बायकांना वाटत होतं, बाई नेहमीप्रमाणे चहासाठी लगबगीने घरी गेल्या. मास्तरांनी मान हलवली, जोरजोरात, नाही, नाही, आणि त्या नव्या बाईच्या हातातली लाल टोपी हिसकावून घेऊन सगळ्यांच्या तोंडासमोर धरली.

परिचारिकेचा चेहरा बदलला. तिने बोटाने मोजलं. आठ डोकी. मग त्या नव्या बाईकडे बघितलं, आणि पुन्हा मोजलं, आणि वळून बांधाकडे पळाली. म्हणजे आज पाण्यात नऊजणी होत्या.

मास्तर तिच्या आधी बांधावर चढले. कसे चढले देव जाणे. वर्षभरात त्यांनी त्या बांधाला पाय लावला नव्हता. दगड शेवाळाने बुळबुळीत होते, एक पाय अनवाणी, दोन्ही बाजूंना राखाडी पाणी. त्यांना पाण्याची भीती वाटत होती का? वाटत होती, भयंकर वाटत होती, पण तिच्याहून मोठी भीती त्या भीतीच्या मानगुटीवर बसली होती. ते पलीकडची कड धरून पुढे पुढे चालले आणि दर चार पावलांवर वाकून खाली बघत होते. दगड. फेस. दगड.

टोकाच्या अलीकडे, होड्या बांधायच्या एका गंजक्या कडीला दोन हात लटकले होते. हातांच्या मधे बाईंचं डोकं होतं, उघडं, आणि पांढरे केस पाण्याच्याच रंगाचे झाले होते. ओठ निळे पडले होते. पण डोळे उघडे होते, आणि ते वरच बघत होते.

मास्तर पालथे पडले आणि त्यांनी बाईंचं मनगट पकडलं. वर ओढायची ताकद त्यांच्यात नव्हती. नुसतं धरून ठेवण्याची होती. तेवढंच त्यांनी केलं. मनगट मेलेल्या माशासारखं गार होतं.

"आलात," बाई म्हणाल्या. दात वाजत होते, शब्द तुटत होते. "मला माहीत होतं... तुम्ही बघताय. पायात गोळा आला. ओरडले, पण त्या पुढे गेल्या होत्या. म्हटलं, धरून राहू... मास्तरांना शेवटचा डबा दिसला नाही की येतीलच."

मास्तर फक्त मनगट धरून होते. तेवढ्यात परिचारिका पाण्यात उतरून बाईंच्या पाठीशी आली, आणि तिची शिट्टी ऐकून उतारावरच्या एका होडीवाल्याने होडी लोटली.

डॉक्टर येऊन गेला. घाबरण्यासारखं काही नाही, असं त्याने खुणेने सांगितलं. परिचारिका दोन तास बाईंचे पाय चोळत बसली. ती नवी बाई दारात उभी राहून रडली. ती पोस्टातून रिटायर झालेली, गावात नवीन, तिची टोपी फाटकी होती आणि ती थंडीने कुडकुडत होती. म्हणून बाईंनी आपली जाड लाल टोपी तिच्या डोक्यावर चढवली होती. "तू पुढे हो, मी तुझ्या मागे आहे," असंही खुणेने सांगितलं होतं. नियमाप्रमाणे बाई शेवटीच राहिल्या. शेवटच्या माणसाच्या मागे बघायला कुणी नसतं, हे नियम करताना मास्तरांच्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाई रजईत गुंडाळलेल्या, आवाज बसलेला. "अगं, मला काही होणार नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाबा खिडकीत होते ना. त्यांचं लक्ष होतं, म्हणून तर धरून राहिले मी. नाहीतर कधीच हात सोडला असता."

मास्तर पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कळलं असतं? पण उद्या नाहीतर परवा ही बाई पुन्हा पाण्यात उतरणार, आणि खिडकीत मास्तर आहेत या भरवशावर उतरणार. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "ऐक. माझं लक्ष नव्हतं."

"म्हणजे?"

"मला लाल टोपी दिसली. टोपीखाली कोण आहे ते मी बघितलं नाही. लाईन क्लिअर दिली आणि चहा टाकला. तू त्या कडीला लटकलेली होतीस तेव्हा मी साखर घालत होतो."

बाईंनी रजई गळ्यापर्यंत ओढली.

"हे दुसऱ्यांदा," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

चार दिवसांत बाई हिंडू-फिरू लागल्या, पण समुद्रावर गेल्या नाहीत. परिचारिका दोनदा बोलवायला आली. बाईंनी पाय दुखतो म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हता. रात्रीपुरतं म्हणून लावलेली दाराची कडी दिवसाही लावलेली राहू लागली. भाजीला जायचं तर "तुम्हीही चला ना" असं त्या म्हणू लागल्या. जिन्यात घड्याळजीच्या दारासमोरून जाताना त्यांची पावलं भरभर पडत. मास्तर वर्षभर मनात म्हणत होते, हिला जरा तरी भीती वाटू दे. आता वाटत होती, आणि ते बघवत नव्हतं. त्यांच्या एकट्याच्या भीतीला घरात जागा होती. दोघं भ्यायला लागल्यावर घरात श्वास घेता येईना.

एक दिवस स्वयंपाकघरात बाई म्हणाल्या, "मुलीकडे जाऊन राहू या का? एका खोलीत भागेल आपलं." त्यांची पाठ खिडकीकडे होती. ज्या बाईने सदतीस वर्षं खिडकीतून पाणी मागितलं, ती पाण्याकडे पाठ करून बसली होती.

"बघू," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी चपला सोडून बूट घातले. खुंटीवरून लाल टोपी घेतली; पोस्टातल्या बाईने ती धुऊन परत आणून दिली होती. "आलोच," असं मोघम पुटपुटून ते खाली उतरले. पायऱ्यांवर परिचारिका आणि बाकीच्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मास्तर बांधावर चढले. दहा पावलं गेले आणि थांबले. पुढे जाववेना. दोन्ही बाजूंना पाणी दगडांवर थपडा मारत होतं. त्यांनी ती रबरी टोपी टकलावर ओढली, कानांपर्यंत, आणि चौथ्या मजल्याकडे तोंड करून उभे राहिले.

खिडकीत दुर्बिणीची काच चमकली. मास्तर हलले नाहीत. खाली बायका हसू दाबत होत्या. वारा होता, आणि आपण आता पडणार अशी मास्तरांची खात्री पटत चालली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. बाई रस्ता ओलांडून आल्या. अंगावर जाड कोट होता, आणि कोटाखाली पोहण्याचे कपडे.

"पडाल तिथे," त्या खालून म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो, लवकर ये."

"कसे दिसताय माहितेय का?"

"शेवटच्या डब्यासारखा. आजपासून शेवटी मी. तू मध्ये. मी वरून तुमच्या बरोबरीने चालणार, पलीकडच्या कडेने. खिडकी बंद."

"तुम्हाला चक्कर येईल."

"येईल," मास्तर म्हणाले.

बाई पाण्याच्या कडेशी आल्या. त्यांचे हात कोटाच्या बटणांवर होते आणि बटणं सुटत नव्हती. शेवटी परिचारिकेने पुढे होऊन ती सोडली.

त्या दिवशी टोकापर्यंत जायला दुप्पट वेळ लागला. बाईंना दर दहा हातांवर थांबावं लागत होतं, आणि मास्तरांना दर दहा पावलांवर. बाकीच्या बायका त्यांच्यासाठी सावकाश पोहत होत्या. टोकाला वळसा पडला. खिडकी दिसेनाशी झाली. ज्या दहा मिनिटांना मास्तर इतके महिने घाबरत आले होते, त्यांच्या आत आता ते स्वतः चालत होते, आणि तिथून ती जास्तच लांब वाटत होती. गंजकी कडी आली. बाईंचे हात थांबले.

"आहात का?" पाण्यातून आवाज आला. बारीक, कापरा.

"आहे," मास्तर वरून म्हणाले. त्यांचाही कापरा.

थोड्या वेळाने पुन्हा, "आहात का?"

"आहे."

"दिसत नाही मला वरचं."

"मला दिसतेस तू. पुढे हो."

आपल्यापैकी एकजण एक दिवस असंच विचारेल आणि दुसऱ्याकडून उत्तर येणार नाही, हे मास्तरांना त्या दगडांवर चालताना लख्ख समजत होतं. बाईंनाही समजत असावं, कारण त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. किनारा अजून बराच लांब होता.

"आहात का?"

"आहे गं," मास्तर म्हणाले, आणि पुढचा पाय टाकला.